ऑईल वाढायलंय

दयानंदनं ट्रकच्या इंजिनातली ऑईल बघायची पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत आत घातली, परत काढली आणि उजेडाकडं धरून बघितली. मग त्यानं घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली.

"सुकन्या, जरा बाहेर ये. तुला काय दिसतंय ते सांग."

सुकन्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. पट्टीवर दोन खाचा होत्या. ऑईल खालच्या खाचेच्या वर आणि वरच्या खाचेच्या खाली असायला पाहिजे, एवढं ट्रकवाल्याची बायको म्हणून तिला ठाऊक होतं. आज ते वरच्या खाचेच्याही चांगलं बोटभर वर चढलेलं होतं.

"कालच्यापेक्षा वर हाय," ती म्हणाली.

"म्हंजे मला भास व्हईना."

"न्हाई. पर तुमी वतलं असंल की वरून."

"एक थेंब वतला न्हाई. आपोआप वाढायलंय."

सुकन्यानं एकदा पट्टीकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. "दूध असं वाढलं असतं तर काय झालं असतं," असं म्हणून ती आत गेली.

ट्रकवाल्यांच्या पाचवीला ऑईल कमी होण्याची चिंता पुजलेली असते. कुठं गळतं, कुठं जळतं, कुणी चोरतं. नांदेडच्या अड्ड्यावर दयानंदनं ही रडगाणी पुष्कळ ऐकली होती. पण माझं ऑईल वाढतंय म्हणून रडणारा माणूस त्यानं कधी बघितला नव्हता, आणि आता तो स्वतःच तसा माणूस झाला होता. अर्धी हयात दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर त्यानं हा सहाचाकी ट्रक नवा कोरा घेतला होता. धर्माबादची मिरची लातूरला, लातूरचा पेंडीचा माल नांदेडला, अशा खेपा चालायच्या. गाडी ताब्यात देताना शोरूमवाल्यांनी त्याला एकच मंत्र दिला होता: बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला की वॉरंटी गेली. तेव्हापासून दयानंद ट्रकला परक्या माणसाची सावलीसुद्धा पडू देत नव्हता. एकदा एका मिस्त्रीनं नुसतं वाकून खाली बघितलं, तर त्यानं त्याला "लांब व्हा" म्हणून हाकललं होतं.

त्यामुळं ऑईल वाढायला लागल्यावर जायचं ते शोरूमलाच. लातूर रोडवर ते काचेचं मोठं शोरूम होतं, मागं गाड्या दुरुस्त करायचा लांबलचक शेड. तिथं त्याला पहिल्यांदा सांगितलं, की गाडी उताराला उभी करून बघितली असेल. त्यानं सपाट जागेवर बघितलं. मग सांगितलं, गरम इंजिनात ऑईल फुगतं. त्यानं थंड इंजिनात बघितलं. मग काउंटरवरची पुनम नावाची मुलगी हसून म्हणाली, "काका, लोक कमी झालं म्हणून भांडायला येतात. तुमचं वाढतंय. चांगलंच आहे की!"

"बाई, त्याला डिझेलचा वास यायलाय."

"डिझेलची गाडी आहे ना, काका."

दयानंदनं काउंटरवरून चावी उचलली. तो घरी आला आणि मेव्हण्याला फोन लावला.

मेव्हणा म्हणजे सुकन्याचा धाकटा भाऊ हरिओम. तो चाकूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि जगात दुरुस्त न होणारी वस्तू नाही असं त्याचं मत होतं. त्याचा सल्ला तयारच होता. "दाजी, त्ये लोक ऑईल बदलतच न्हाईत. फिल्टरबी बदलत न्हाईत. नुसतं फडकं मारून गाडी वापस देतात. पुढच्या सर्व्हिसिंगच्या आदी आपून फिल्टरवर खूण करू. खूण राहिली तशीच, तर चोर सापडला."

दयानंदला हे पटलं. माणसाला संशय आला की संशयाला खतपाणी घालणारा माणूस देवासारखा वाटतो. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी हरिओम मुद्दाम नांदेडला आला, बहिणीच्या पेटीतलं लाल नेलपॉलिश घेतलं, ट्रकखाली सरपटत गेला आणि फिल्टरच्या डब्यावर एक ठसठशीत टिकली लावून आला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंग होऊन ट्रक बाहेर आला. दोघंही फाटकातच खाली वाकले. लाल टिकली जशीच्या तशी होती.

मग जे व्हायचं ते झालं. दयानंद तसा आवाज चढवणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याचा आवाज काचेच्या पलीकडं रस्त्यावर ऐकू गेला. नवी गाडी बघायला आलेली दोन कुटुंबं उठून उभी राहिली. "फसवायलेत! बघा, माझ्या बायकोचं नेलपॉलिश हाय त्ये! फिल्टरला हात लावला न्हाई यांनी!" हरिओम मागून मोबाईलवर शूटिंग करत होता.

वर्कशॉपचे मॅनेजर आनंदराज सर केबिनमधून बाहेर आले. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेले, शांत बोलणारे, कडक इस्त्रीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला, मला दाखवा."

दयानंदनं दाखवलं. आनंदराज सर बाह्या न सावरता खाली वाकले, बॅटरी मारली आणि म्हणाले, "दयानंदराव, हा डिझेलचा फिल्टर आहे. तो या वेळी बदलायचा नव्हता. ऑईलचा फिल्टर हा, शेजारचा. बघा, कोरा आहे."

शेजारचा डबा खरंच कोरा करकरीत होता. दयानंदनं हरिओमकडं बघितलं. हरिओमनं शूटिंग बंद केलं.

"दोन्ही सारकेच दिसतात," हरिओम पुटपुटला.

सरांनी मोठेपणानं चहा मागवला, हा त्या दिवसातला सगळ्यांत वाईट भाग. त्या दोन कुटुंबांसमोर, पुनमसमोर, शेडमधून गंमत बघायला आलेल्या मेकॅनिकांसमोर दयानंदला "चुकलं माझं" म्हणावं लागलं आणि तो चहा प्यावा लागला. निघताना त्यानं एकदा प्रयत्न केला. "पर सर, ऑईल खरंच वाढतंय."

"दयानंदराव," सर गोड हसले, "आता बास ना."

आठवडाभरात पट्टीवरचं ऑईल परत वरच्या खाचेपलीकडं गेलं. पण आता दयानंदचं तोंडच बंद झालं होतं. तो रोज सकाळी पट्टी काढायचा, बघायचा आणि काही न बोलता परत घालायचा. खाली इंजिनच्या तळाला एक बोल्ट होता. तो सैल केला असता तर जास्तीचं ऑईल निघून गेलं असतं. पण त्या बोल्टवर कंपनीनं पिवळ्या रंगाची खूण मारलेली होती, आणि खूण मोडली की वॉरंटी मोडली. तो दोनदा पाना घेऊन ट्रकखाली गेला आणि दोन्ही वेळा पाना तसाच घेऊन बाहेर आला.

अशातच त्याचे सासरे वारले.

सटवाजीमामांना जुना दमा होता. गेले काही दिवस ते विष्णुपुरीच्या दवाखान्यात होते आणि सुकन्या त्यांच्या उशाशी. त्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला, अर्धा प्याले, आणि उरलेला कप सुकन्याच्या हातात असतानाच गेले. सुकन्या बराच वेळ तो कप धरूनच बसली होती. कुणीतरी तो हातातून काढून घेतला तेव्हा तिला रडू फुटलं.

दयानंद ट्रक घेऊन पोचला तोवर चाकूरकडची माणसं जमली होती. सासूबाई केवळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मयत गावी न्यायची, हे ठरलेलंच होतं. प्रश्न गाडीचा होता. दयानंदनं भाड्याची गाडी ठरवायला फोन काढला, तेवढ्यात सटवाजींचे चुलतभाऊ शेषेराव पुढं आले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन ते कुठंही घेऊन जायचे.

"जावयाचा ट्रक दारात उभा असताना मयत भाड्याच्या गाडीतनं न्यायची? गावात तोंड दाखवायचंय का न्हाई आमाला?"

"तसं न्हाई मामा," दयानंद खालच्या आवाजात म्हणाला. "ट्रकचं ऑईल वाढायलंय."

रडणाऱ्या बायासुद्धा क्षणभर थांबल्या.

"काय वाढायलंय?"

"ऑईल. इंजिनातलं."

शेषेरावांनी आजूबाजूला बघितलं, जणू जावयाचं डोकं ठिकाणावर आहे का याची साक्ष कोणी देईल म्हणून. हरिओम डोळे पुसत जवळ आला. "दाजी, आता त्ये नका काढू. शोरूममधी झाली तेवढी शोभा बास हाय. आन् ऑईल कमी झालं तर गाडी बंद पडती. जास्ती झाल्यावर काय व्हतंय? जास्ती पळंल."

दयानंदनं सुकन्याकडं बघितलं. ती रोज पट्टी बघणारी. तिला ठाऊक होतं. पण तिचे डोळे सुजलेले होते आणि ती म्हणाली, "न्या आपल्याच ट्रकमधी. बाबांला तुमच्या ट्रकचं लई कवतिक व्हतं."

दयानंदनं फोन खिशात घातला.

ट्रकच्या मागच्या हौद्यात सटवाजींना ठेवलं. खाली त्यांचीच दवाखान्यातली गोधडी अंथरली. गावी गेल्यावर ती त्यांच्याबरोबरच टाकायची होती. भोवती हरिओम, शेषेराव आणि गावची चार माणसं बसली. पुढं दयानंदशेजारी सुकन्या आणि केवळाबाई.

लोह्यापर्यंत सगळं ठीक चाललं. माळाकोळीच्या पुढं दयानंदच्या लक्षात आलं, की त्याचा पाय फारसा काम करत नाहीये. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला तरी ट्रक चढ चढत होता. चढ संपला, त्यानं पाय पूर्ण उचलला, तरी ट्रकचा वेग लगेच उतरेना. आरशात मागं निळसर धुराचा पट्टा दिसत होता. हरिओम म्हणाला तसंच झालं होतं, ट्रक जास्ती पळत होता.

"जावईबापू," केवळाबाई पदराआडून म्हणाल्या, "सावकास चालवा. आता त्येन्ला कशाची घाई हाय?"

"मामी, म्या चालवत न्हाई," दयानंद म्हणाला. "त्योच पळायलाय."

केवळाबाईंना वाटलं, जावई मयताविषयी बोलतोय. त्यांना हुंदका आला.

अहमदपूर गेलं. दयानंदच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. आता थांबावं, असं त्याला दोनदा वाटलं. पण रस्त्यात थांबून काय सांगणार? मागं मयत, पुढं सासूबाई, आणि तो खाली उतरून पट्टी ओढून बघणार? त्यानं ब्रेक दाबत दाबत चाकूरचा फाटा गाठला आणि ट्रक गावात घातला.

घरासमोर न्हाणं, हार, रडणं, सगळं उरकलं. तेवढा वेळ ट्रक बंद होता आणि दयानंदला वाटलं, आपण उगीच भ्यालो. घरून स्मशान चालत जाण्याइतकंच होतं, पण मध्ये ओढ्याची चिखलाची वाट. शेषेराव म्हणाले, ट्रकमधूनच नेऊ. सटवाजींना परत त्याच गोधडीवर हौद्यात ठेवलं, सुकन्या आणि केवळाबाई पुढं बसल्या. सगळं गाव पुढं चालत गेलं. टाळ घेतलेले भजनी सरणाच्या बाजूला उभे राहिले. दयानंदनं ट्रक हळूहळू ओढ्यातून वर काढला. इंजिन त्या चढावर जोरानं घुमलं. सरणासमोर सपाट जागा होती. तिथं त्यानं ट्रक उभा केला, गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि चावी फिरवून काढून घेतली.

इंजिन बंद झालं नाही.

त्याला वाटलं, चावी नीट फिरली नसेल. त्यानं मूठ उघडून बघितलं. चावी तळहातावर होती. इंजिन चालूच होतं. आणि नुसतं चालू नव्हतं, चढत होतं. भजनाच्या आवाजाच्या वर, मग टाळांच्या वर, मग बायांच्या रडण्याच्याही वर. कुणी पाय दिलेला नसताना इंजिन किंचाळायला लागलं आणि मागून काळ्यापांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की सरण, गाव, ओढा, सगळं त्यात बुडून गेलं.

एका क्षणात दयानंदला सगळं समजलं. जुन्या ड्रायव्हरांनी सांगितलेलं हेच ते. डिझेल झिरपून तळाला वाढलेलं ऑईल उसळून हवेच्या वाटेनं इंजिनात शिरलं होतं आणि इंजिन आता डिझेलवर नव्हे, स्वतःच्याच ऑईलवर पळत होतं. त्याला चावीशी काही देणंघेणं राहिलं नव्हतं. ऑईल संपेपर्यंत, नाहीतर फुटेपर्यंत ते पळणार होतं.

"फुटायलाय! ट्रक फुटायलाय! पळा!" हा आवाज शेषेरावांचा होता आणि तो आधीच लांबून येत होता. गाव पळालं. भजनी पळाले, टाळ तिथंच पडले. हौद्यातून चार माणसांनी चिखलात उड्या टाकल्या. हरिओम हौद्याच्या फळीवर अडकला, सुटला आणि तोही पळाला. सरणाशेजारी मडकं धरून उभा असलेला माणूस मडकं घेऊनच पळाला.

दयानंदनं गिअर टाकून इंजिन कोंडायचा विचार केला, पण समोर सरण रचलेलं. ट्रकनं उडी मारली असती तर सरळ त्यावरच गेला असता, आणि मागं सासरे.

"खाली उतरा! मामी, उतरा!"

"म्या न्हाई उतरत," केवळाबाईंनी सीट घट्ट धरली. त्यांना ओरडावं लागत होतं. "त्येन्ला माघारी टाकून म्या कुठं जाऊ?"

"मामी, ट्रक फुटंल!"

"फुटू द्या!"

सुकन्या दार उघडून उभी होती. "काय करायचं सांगा!"

"हवा बंद करायची! जाड कायतरी दे! लई जाड!"

केबिनच्या मागं हवा ओढायचा उंच नळा होता. त्याचं तोंड खाऊ की गिळू करत हवा आत खेचत होतं. सुकन्या हौद्यात चढली. धुरात तिनं चाचपडत बापाच्या देहाखालची गोधडी धरली. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं एका हातानं बापाचं डोकं उचलून धरलं, दुसऱ्यानं गोधडी ओढली आणि घड्या घालून नवऱ्याकडं फेकली. दयानंद नळ्याला लोंबकळत वर चढला आणि गोधडी तोंडावर दाबून धरली. इंजिननं ती आत ओढली. अर्धी गोधडी नळ्यात गेली. दोघंही त्यावर अंग टाकून दाबून राहिले. ट्रक एकदा, दोनदा, सगळा हादरला आणि गप्प झाला.

इतकी शांतता झाली, की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"झालं?" केबिनमधून केवळाबाईंचा आवाज आला.

"झालं, मामी."

माणसं एकेक करून परत आली. सगळ्यांच्या तोंडाला काजळी बसलेली. कुणी कुणाकडं बघेना. शेषेराव सगळ्यांत शेवटी आले आणि जणू मध्ये काहीच घडलं नाही अशा आवाजात म्हणाले, "हं, उचला आता." सटवाजींना अग्नी दिला तेव्हा हरिओमचं तोंड इतकं काळं झालं होतं, की डोळ्यातलं पाणी गालावरून दोन पांढऱ्या रेघा ओढत खाली आलं. मागं कुणीतरी हळू म्हणालं, "सटवाजी भिडस्त माणूस. जन्मात कुणाला पळवलं न्हाई. शेवटी सगळ्या गावाला पळवून गेला." कुणी हसलं नाही. पण दोघा-तिघांनी तोंडं फिरवली.

दिवसकार्य उरकल्यावर ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून नांदेडला ओढत आणला. दयानंदबरोबर सुकन्याही शोरूमला आली. माहेरी बसवत नव्हतं, म्हणाली. आनंदराज सरांनी हवेचा डबा उघडला आणि चिमट्यानं एक चिंधी बाहेर काढली. लाल फुलांची होती. तिच्या मागोमाग कापसाचा बोळा आला.

"हे काय आहे?"

"माझ्या बापाची गोधडी," सुकन्या म्हणाली.

सर दोन पावलं मागं सरले. मग सावरून म्हणाले, "वाईट झालं. खरंच. पण इंजिनात बाहेरची वस्तू गेली की वॉरंटीत बसत नाही. माझ्या हातात काही नाही."

"सर, गोधडी घातली म्हून इंजिन वाचलं. त्ये आपोआप पळायलं व्हतं. चावी माझ्या हातात व्हती."

"दयानंदराव, चावी काढल्यावर इंजिन बंद होतं." सरांचा आवाज लहान मुलाला समजवावा तसा झाला. "तुम्ही दुःखात होता. ऑईल थोडं जास्त होतं, ते आम्ही खाचेपर्यंत काढलं. हवेचा डबा साफ केला. आता तुमच्यासमोर चालू करून दाखवतो, म्हणजे मनातनं निघून जाईल."

"नका करू," दयानंद म्हणाला. "डब्याच्या पुढच्या नळ्या उघडून बघितल्यात का? त्यात ऑईल साठलं असंल."

"त्या दिवशी फिल्टरच्या बाबतीतही तुमची अशीच खात्री होती ना?"

दयानंदचं हेच झालं होतं. एकदा खोटा ठरलेला माणूस खरं बोलला तरी त्याचे शब्द आधी त्या लाल टिकलीला जाऊन अडखळायचे.

ट्रक शेडमधल्या खड्ड्यावर उभा होता. खाली वीरभद्र नावाचा मेकॅनिक गळती बघत होता. वर एकानं चावी फिरवली. इंजिन लागलं आणि गरीब गायीसारखं घुमत राहिलं. सरांनी दयानंदकडं बघून हात पसरले. "बघा. काय झालं?"

मग त्यांनी थोडा पाय द्यायला सांगितलं.

इंजिन चढलं आणि चढतच राहिलं. केबिनमधल्यानं पाय काढला, चावी काढली, ती उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि उडी टाकून पळाला. धुरानं शेड भरलं. मेकॅनिक पळाले, काचेपलीकडची गिऱ्हाइकं पळाली, पुनम फोन तसाच सोडून पळाली. आनंदराज सर सगळ्यांना "पळू नका" असं ओरडत फाटकाच्या बाहेर पोचले.

दयानंद जागचा हलला नाही. आता त्याला काहीच करायचं नव्हतं. इंजिन यांनीच चालू केलं होतं, यांच्याच छपराखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. फुटू दे. फुटलं की त्याचं खरं झालं. त्यानं हाताची घडीसुद्धा घातली.

"अहो!" सुकन्यानं त्याचा दंड धरला. "खाली माणूस हाय!"

खड्ड्यातून वीरभद्र ओरडत होता. वर ट्रक, पायऱ्यांच्या तोंडाशी गरम धुराचा झोत. त्याला बाहेर पडता येत नव्हतं.

दयानंदनं इकडं तिकडं बघितलं. चिंध्या नव्हत्या, पोतं नव्हतं, सगळं शेड धुऊनपुसून चकचकीत. भिंतीवर एक जाड लाकडी पाटी होती, 'ग्राहकाचे समाधान हाच आमचा अभिमान'. त्यानं ती खिळ्यासकट उपटली, ट्रकवर चढला आणि नळ्याच्या तोंडावर सपाट दाबली. पाटी अशी चिकटली, की त्यानं हात काढला असता तरी पडली नसती. ट्रक हादरला. थांबला.

वीरभद्र खड्ड्यातून वर आला, जमिनीवर बसला आणि बराच वेळ नुसता खोकत राहिला. सुकन्यानं त्याला पाणी दिलं.

आनंदराज सर परत आले तेव्हा त्यांची इस्त्री राहिली नव्हती. त्यांनी ट्रककडं बघितलं, वीरभद्रकडं बघितलं, आणि दयानंदच्या हातातल्या पाटीकडं बघायचं टाळलं. "इंजिन कंपनीकडून नवीन येईल," ते म्हणाले. "माझ्या सहीनं. गोधडीचा विषय निघणार नाही." मग ते सुकन्याकडं वळले. त्यांनी मान खाली घातली.

दयानंदला वाटलं होतं, हे शब्द ऐकल्यावर छाती फुगेल. पण त्याला नुसता थकवा आला. तो आणि सुकन्या फाटकाकडं निघाले. फाटकापाशी मागून पावलं वाजली.

"दयानंदराव, एक मिनिट." सर एकटेच होते. त्यांनी मागं वळून कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. "तुमचं ऑईल पहिल्यांदा वाढलं, तेव्हा ते काळं होतं की पातळ?"

"पातळ. डिझेलचा वास."

सरांनी ओठ चावला. "माझी घरची गाडी. डिझेलचीच. गेल्या महिन्यात इथंच सर्व्हिसिंग केली. तेव्हापासून रोज सकाळी पट्टी बघतो." त्यांचा आवाज आणखी उतरला. "वाढतंय हो."

"मग इथंच दाखवा की, सर."

"इथं?" आनंदराज सरांनी असं बघितलं, जसं काही त्यानं त्यांना त्या खड्ड्यात उतरायला सांगितलं होतं. "नको. घरात लहान मुलं आहेत. तुमच्या ओळखीचा बाहेरचा एखादा चांगला मिस्त्री नाही का?"

दयानंद विचारात पडला. वॉरंटी जाईल या भीतीनं त्यानं ट्रक घेतल्यापासून एकाही मिस्त्रीशी ओळख ठेवली नव्हती. रस्त्याच्या पलीकडं पत्र्याच्या टपऱ्यांची रांग होती. तिथं उघड्यावर, तेलकट मातीत, गाड्यांखालून पाय बाहेर आलेले दिसत होते.

"विचारून बघू," तो म्हणाला.

आनंदराज सरांनी गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढलं, पट्टा गुंडाळून पँटच्या खिशात खोल सारलं, आणि एकदा शोरूमकडं चोरून बघून ते नवराबायकोच्या मागोमाग रस्ता ओलांडायला लागले.